शेरा

ऐरोलीचं कॉलेज, दुसरा मजला, खोली एकोणीस.
तासिका तत्त्वावर मी एन्ट्रॉपी शिकवत होतो.
तासाचे पैसे तीन महिन्यांनी,
तेही मस्टर जुळलं तर.

प्राचार्य मढवी मॅडम न सांगता आल्या,
शेवटच्या बाकावर सरकून बसल्या,
रबाळ्याच्या रात्रपाळीहून थेट येणाऱ्या
आणि डोळे उघडे ठेवून झोपणाऱ्या
निखिल गोंधळीशेजारी.
मांडीवर मूल्यमापनाचा फॉर्म,
पेनाचं टोपण दातांत.

माझा खडू दोनदा मोडला.
समीकरण मी फळ्यालाच समजावलं.
‘कळलं?’
साठ माना डोलल्या, नेहमीसारख्या.

मागून एक हात वर.
मनगटावर मोठं पुरुषी घड्याळ.
‘सर, मला नाही कळलं.’

तीस वर्षं हेच शिकवलेल्या बाई.

कोणी हसलं नाही.
खिडकीकडची तांडेल हळूच म्हणाली, मलापण.
मग कोपऱ्यातून अजून कोणी, मग तिघंचौघं.
मी वळलो. फळा पाठीशी राहिला.
म्हटलं, तो वास बघा, कंपनीचा,
सकाळी चिमणीतून सुटलेला,
आता तुमच्या डब्यात, वहीत, केसांत.
परत चिमणीत जाईल का तो?
‘ओव्हरटाइम दिला तरी नाही,’
निखिल म्हणाला. जागा होता तर.

संध्याकाळी शिपायाने फॉर्म आणून दिला.
गुणांचे रकाने कोरे.
खाली, शेरा:
‘पंखा बदलावा. खडखडाटात
सरांचं मागे ऐकू येत नाही.’

पंखा दिवाळीनंतर बदलला.
फळ्याशी बोलायची माझी खोड
त्याआधीच सुटली होती.