माप

इथे आम्ही शुक्रवारी रविवार पाळतो.
भाड्याच्या हॉलमध्ये सकाळी मल्याळी, मग तमिळ,
तिसऱ्या पाळीला आम्ही, अकरा मराठी कुटुंबं.
खुर्च्यांना आधीच्यांची ऊब असते.

नाइट संपवून मी थेट तिथे जाते,
गणवेशावर ओढणी घेऊन.
पाळक म्हणतात, डोळे मिटा,
आणि माझे खरोखरच मिटतात.

त्या शुक्रवारी नेमू
(कागदोपत्री नहेम्या, वय वर्षं नऊ)
बाथरूमच्या सपाता घालून उपासनेला आला.
"बूट कुठेत?" मी विचारलं, गाण्याच्या आडून.
"दिले."
"कुणाला?"
"मोतालिबचाचांना."

एकोणीस दिनार.
मी लगेच रुपये केले. पहिल्या वर्षापासूनची खोड,
भाजी घेताना रुपयांत, रडतानाही रुपयांत.
पाळक विधवेच्या दोन नाण्यांवर बोलत होते.
मी मान डोलवत होते
आणि पोराचा दंड चिमटीत धरला होता.

लिफ्टमध्ये जे बोलले ते इथे लिहीत नाही.
एवढंच, की "कुणासाठी मरतेय मी रात्र रात्र"
हे वाक्य त्यात होतं. माझ्या आईचं ते,
मिरजेहून इतक्या लांब टिकलं.

दुपारी बेल वाजली.
मोतालिब, आमच्या इमारतीचा हारिस.
बूट पुसलेले, नाड्या आत खोचलेल्या,
दोन्ही हातांवर धरलेले, ताटासारखे.
"बच्चा है, मॅडम. ग़ुस्सा मत करना."
मला लाज वाटली. लाज झाकायला मोठेपणा सुचला:
"राहू द्या, तुमच्या मुलाला पाठवा."
तो हसला. सिल्हेटकडचा तो मुलगा
पाच वर्षं त्याला फोनच्या काचेत दिसतो,
छातीपर्यंतच.
"पाँव कितना बड़ा हुआ, मालूम नहीं."
बूट उंबऱ्याशी ठेवून तो जिना उतरून गेला.

नेमू दाराआड उभा होता.
"मला ते होतच नव्हते, आई.
अंगठा दुमडून घालावे लागायचे."
"मग सांगितलं का नाहीस?"
"तू झोपलेली असायचीस."

बूट उलटा केला. तळव्यावरचा आकडा
गेल्या ईदच्या वेळचा. तोच पाठ करून
मी मॉलभर फिरले होते,
वॉर्डात खाटांचे नंबर पाठ असतात तशी.

माझे वडील मिशनच्या चर्चमध्ये घंटा वाजवायचे.
उत्तम शुक्रवारच्या आदल्या रात्री
घमेल्यात पाणी घेऊन पाची भावंडांचे पाय धुवायचे.
बूट एकालाही नव्हते,
पण कुणाची टाच कुठे फुटलीय हे त्यांना ठाऊक होतं.
शिकवण वगैरे द्यायचे नाहीत.
गुडघे दुखायचे, म्हणून मधे मधे कण्हायचे, इतकंच.

मी टब आणला.
पाणी तापवावं लागलं नाही.
जुलैत फहाहीलला दोन्ही नळ गरमच येतात,
उलट ते निवायची वाट पाहावी लागते.
तेवढा वेळ आम्ही टबाशेजारी बसून राहिलो.
बसण्याला दुसरं काही कारण नव्हतं.
खिडकीत रिफायनरीची ज्योत भरदिवसा जळत होती,
कुणाला उजेड नको असताना.
नेमूनं विचारलं, चाचांच्या मुलाचं नाव काय असेल?
मला माहीत नव्हतं. सहा वर्षं रोज सलाम घेतेय.

पाय धुतले. बोटांच्या मधली
शाळेच्या मैदानाची वाळू निघाली.
अंगठ्याचं नख निळं पडलं होतं.
टॉवेलनं पुसताना तो एकदम म्हणाला, "आमेन."
मी इतका वेळ गप्प होते
की त्याला वाटलं प्रार्थनाच चाललीय.

मग ओव्हरटाइमच्या अर्जाची पाठकोरी बाजू
फरशीवर ठेवून त्याला उभं केलं
आणि पेन्सिल फिरवली. गुदगुल्या झाल्या,
टाचेपाशी रेघ वाकडी गेली.

डावा पाय उजव्याहून जरासा मोठा आहे.