दोन तोळे तीन मासे

पणजोबांच्या चोपडीत, शके अठराशे अठरा,
भाद्रपद शुद्ध द्वितीया, मारबतीच्या दुसऱ्या दिवशी,
बोरूच्या अक्षरात एक नोंद आहे:
'मकासरे गोरे, रेल्वे मालधक्का. बिल्ला एक.
सोनं नाही, रुपं नाही. कासं.
दोन तोळे तीन मासे. रुपये सात दिले.
व्याज लावू नये.'

मकासरे म्हणजे टॉर्क्विल मॅकॅस्किल.
इतवारीच्या जिभेला ते नाव पेललं नाही,
तिनं घासून घासून आपल्यातलं केलं.
स्कॉटलंडातल्या कुठल्याशा बेटावरचा मेंढपाळ,
कामठीच्या पलटणीतून सुटला
आणि घरी न जाता
संत्र्यांच्या पेट्या मोजत इथेच राहिला.

त्याचा पराक्रम सगळ्यांना ठाऊक होता.
सरहद्दीवरची खिंड, वरून गोळ्या,
हा एकटा परत धुरात शिरला
आणि जखमी कप्तानाला खांद्यावर घालून आला.
परेडीत बँड वाजला, जनरलानं हातानं बिल्ला टाचला.
टाचताना सुई जरा कातडीत गेली,
एवढंच तो स्वतःहून सांगायचा.

बाकीचं त्या सकाळी आमच्या ओट्यावर,
निम्मं मराठीत, निम्मं हातांनी.
पणजोबांनी बिल्ला कसोटीवर ओढला,
तेजाबाचा थेंब टाकला. रेघ विरून गेली.
"यात काही नाही, साहेब."
"तेच सांगून राहिलो, गणबाजी."

धुरात तो भावाला शोधत होता.
कोट तोच, तांबडे केस तेच,
कण्हणं तर कुणाचंही सारखंच.
उचललं, धावला, ओढ्याशी आणून ठेवलं,
तोंड पुसलं, तर ते कप्तानाचं.
मागे वळला तेव्हा
खिंडीत एकही आवाज उरला नव्हता.
धावताना मनात आलं होतं म्हणे:
रूअरी, तू केव्हापासून इतका जड झालास?

आदल्या दिवशी पिवळी मारबत निघाली होती.
खोकला घेऊन जा, ताप घेऊन जा,
सावकार घेऊन जा गे मारबत!
(पणजोबाही त्या गर्दीत होते, तेही ओरडले.)
आणि सगळ्यांहून हातभर उंच, लालबुंद, टोपी मुठीत,
मकासरे ओरडला,
"बिल्ला घेऊन जा गे मारबत!"
लोक हसले. पोरांनी त्याची री ओढली.
तलावाशी मारबत जळाली.
बिल्ला खिशातच राहिला.

नंतर दर पोळ्याला यायचा. सोडवायला नाही.
अजून आहे का, पाहायचा,
आणि असल्याचं जरा वाईट वाटून
पान तोंडात टाकून निघून जायचा.
गाठीच्या तापाच्या साली गेला.
कामठीला त्याच्या दगडावर
'शूर' हा शब्द खोल कोरलाय, शेवाळालाही भरत नाही.
भावाचं नाव कुठेच नाही.

आता आमचं दुकान काचेचं झालंय,
काटा विजेवर चालतो, मासे कुणाला कळत नाहीत.
पण लक्ष्मीपूजनाला जुना तराजू निघतो,
एका पारड्यात तो काळा बिल्ला ठेवतात.
दुसऱ्यात काही ठेवायचं नाही, हा पणजोबांचा दंडक.
यंदा माझ्या पोरीनं विचारलं, "काहून?"
मी म्हटलं, वजन सापडलं नाही अजून.
तिनं थोडं थांबून
आपली तळहाताएवढी रिकामी मूठ
त्या पारड्यावर धरली,
टेकवली मात्र नाही.