एकच स्क्रू

एम्लिनच्या दुकानात स्क्रू सुटा मिळायचा.
"कशाला हवाय?" तो आधी विचारायचा,
शिडीवर चढून डबे धुंडाळायचा
आणि पैसे घ्यायचं विसरायचा,
किंवा विसरल्यासारखं करायचा.

आता ऱ्होंडा दरीच्या तोंडाशी ते मोठं दुकान,
खाणीइतकं लांब, पण लखलखीत.
तिथं पाकिटात शंभर. स्वस्त.
मीही तिथंच जाते. खोटं कशाला बोलू?

काल चौदाव्या रांगेत एम्लिन दिसला,
हिरवं जाकीट, छातीवर नावाची पट्टी,
जणू गावाला ठाऊकच नव्हतं.
"कशाला हवाय?"
"न्हाणीघराच्या दाराला. एकच."

त्यानं कॅमेऱ्याकडे पाठ केली,
पाकीट फोडलं,
माझ्या तळव्यावर एक ठेवून
माझी मूठ मिटली.

दाराला बरोब्बर बसला.
रात्री उशिरा मनात आलं,
उरलेले नव्याण्णव त्यानं लपवले
की विकत घेतले?