बोर्डिंगची भिंत

रंगाचे तीनशे, मजुरीचे दोनशे
असं फोनवर ठरलं.
ट्रस्टींचा नातू पुण्याहून बोलला :
"मोठ्या अक्षरात लिहा, काका.
पुलावरून वाचता आलं पाहिजे."

पूल नव्हता तेव्हा बोर्डिंग डोंग्यातून दिसायचं.
पलीकडच्या गावांची पोट्टी यायची
मांडीवर तांदळाचं गाठोडं, बगलेत वळकटी,
पाय वैनगंगेत सोडून
लांबूनच खोल्या मोजत : नऊ.
दहावी आमची, स्वयंपाकाची.

माय माझी, भागरता,
चाळीस पोरांचा भात रांधायची,
वर लाखोळीचं वरण.
मी चुलीमागे, राखेत.
तिथंच लक्षण वलथरे नावाच्या सातवीतल्या पोरानं
विझल्या कोळशानं मला क शिकवला :
"आधी पोट काढ. मग दांडी. मग शेपूट.
एवढी लांब काऊन बे? माकडाची हाय का?"
पुढे तो तहसिलीत लागला म्हणतात.
बरीच पोरं कुठं कुठं लागली.
मी दुकानांच्या पाट्यांना लागलो.

अक्षर वाकडं दिसलं की
डोमाजी गुरुजी मारायचे नाहीत.
नदीवर पाठवायचे : पाटी धुऊन आण,
आणि येताना जे दिसेल ते वाचत ये.
नदीवर वाचायला काय असणार?
मागच्या भिंतीवर पुराच्या खुणा होत्या, गेरूच्या,
प्रत्येकीपुढं साल.
सगळ्यांत वरची आज माझ्या छातीला लागते.
त्या साली पोरं कौलांवर बसून
अडीच दिवस पाढे म्हणत होती
भ्याव वाटू नये म्हणून.
एकोणतिसाच्या पाढ्यावर पाणी उतरलं.

धरण झाल्यापासून ते उतरत नाही, चढत नाही.
पायरीशी नुसतं बसून असतं,
रविवारी भेटायला आलेल्या बापासारखं,
ज्याचं पोरगं खेळायला गेलंय.

सकाळी भिंत खरवडायला घेतली,
नदीकडची, स्वयंपाकघराची.
चुन्याचे पापुद्रे निघाले, नीळ, पांढरं, पुन्हा नीळ,
आणि त्याखाली कोळशाच्या उभ्या रेघा.
पाच-पाचचे गठ्ठे.
ओळखल्या.
मायला लिहिता येत नव्हतं.
ज्याच्या घरून तांदूळ आला नाही
त्याची एक रेघ, दर कुडवामागं.
महिनाअखेरी ती गुरुजींना दाखवायची
आणि दोघं मिळून विसरायचे.
खोडलेल्या रेघा मोजल्या : सात.
बाकीच्या मोजल्या नाहीत.

त्यांच्यावरूनच रंग फासला. काय करणार,
पुलावरून तेवढीच भिंत दिसते.

वाकडं काढायचं मनात होतं, खोटं कशाला बोलू.
फोन नंबरातला एखादा सात
एकासारखा काढला असता, कुणाला कळलं असतं?
पण हात ऐकेना.
हात याच घरात वळलाय.
दोरी धरून, दोन-दोन हात उंच,
क चं शेपूट आखूड,
एवढी नेटकी अक्षरं मी
देवळावरही काढली नव्हती.

खाली एक डोंगा थांबला.
नान्ह्यांची पोरगी, जाळ्याच्या ढिगावर बसलेली,
मोठ्यानं वाचू लागली :
"वि... क... णे... आ... हे."
बापानं विचारलं, "का लिवला हाय वो?"
"थांबा ना बाबा, आणखी हाय. नंबर काढून रायले."

मी शिडीवरून "शाब्बास" म्हणालो,
गुरुजींसारखंच, नाकातून,
आणि जीभ चावली.

ती एकेक आकडा उमटायची वाट बघत वाचत गेली.
बापाला उशीर होत होता, त्यानं वल्हं मारलं.
डोंगा लांब चालला
तरी ती मान वळवून वाचतच होती.

उरलेले आकडे मी जरा मोठे काढले.