पाणी मुरतंय

दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी
डॉर्सेटमधल्या नेदर विनकोम गावाबाहेर
मी बोअरचं हिरवं झाकण उघडते,
साचलेलं पाणी आधी उपसून टाकते,
मग बाटली भरते. लेबल लावते.
जागा, वेळ, तारीख.
तारीख खोटी असते.
म्हणजे असते आजचीच,
पण पाणी आजचं नसतं.

इथली जमीन खडूची आहे.
शाळेतला असतो तसाच खडू,
फक्त डोंगरच्या डोंगर.
पाऊस त्यातून उतरतो
वर्षाला एक मीटर, एखाद्या वर्षी तेवढाही नाही.
पाणी लागतं चाळिसावर.
म्हणजे आज बाटलीत आलं
ते मी तिसरीत असताना
वरून निघालेलं.

ऑल्विन थ्रप तेव्हा एकोणीस वर्षांचा,
बापाच्या ट्रॅक्टरवर.
वरची कुरणं, कुणाच्या आठवणीत न नांगरलेली,
त्यांनी त्या साली मोडली.
खताच्या गोणीवर सोनेरी कणसाचं चित्र होतं,
आत दाणे पांढरे, साबुदाण्यासारखे.
"दोन गोण्या सांगितल्या की आम्ही तीन टाकायचो.
एक देवाच्या नावानं," तो हसतो.
"आणि गहू असा आला," हात कमरेपाशी,
हात बराच वेळ तिथंच.
मी काय बोलणार.
त्या गव्हाचा पाव मीही कुठंतरी खाल्ला असेल.

पिकानं घेतलं तेवढं घेतलं.
उरलेलं हिवाळ्याच्या पावसानं विरघळवून
उघड्या रानातून खाली नेलं.
नायट्रेटला रंग नाही, वास नाही, चव नाही.
आई असती तर म्हणाली असती,
कुठंतरी पाणी मुरतंय.
तिच्या म्हणण्याचा अर्थ वेगळा असायचा,
शेजारच्यांबद्दल असायचा.
मी तो शब्दशः घेतला
आणि त्याचा पगार घेते.

सत्तेचाळीस पूर्णांक तीन.
मर्यादा पन्नास.
गेल्या वर्षी सेहेचाळीस होतं.
पाणी कंपनी पलीकडच्या दरीतलं बरं पाणी आणून
यात मिसळते, मग नळाला सोडते.
पोस्टाच्या दुकानात इमोजेन
बाळाची दुधाची बाटली हलवत विचारते,
"पाणी ठीक आहे ना गं आपलं?"
नळाचं ठीक आहे, मी म्हणते.
'नळाचं' म्हणताना जरा अडखळते.
ती झाकण घट्ट करत असते.

यंदा गहू निघाल्या निघाल्या
ऑल्विननं रानात मुळा पेरला.
खायचा नाही, विकायचा नाही.
नुसतं रान झाकायचं,
खताचं उरलंसुरलं त्यानं धरून ठेवायचं,
आणि वसंतात जागच्या जागी गाडायचा.
मी एक उपटला, अंगठ्याएवढा,
पँटला पुसून खाल्ला.
इतका तिखट की डोळ्यांत पाणी.
"पाल्याची भाजी होते, ऑल्विन. डाळ घालून."
तो माझ्याकडे बघत राहिला,
जणू मी त्याच्या ट्रॅक्टरचं टायर शिजवायला मागितलं.

मग म्हणाला, "आकडा कधी उतरेल?"
तो साठीला टेकलेला.
मी बोअरच्या पाइपकडे बघितलं.
वरून आज निघालेलं पाणी
चाळीस मीटर.
त्याच्या मध्ये अजून ते सगळं,
ज्या साली गहू कमरेपर्यंत आला ते,
त्याच्या पुढचं साल, त्याच्याही पुढचं,
एकाखाली एक, रांगेत, वाट न सोडता.
"यायचं ते येऊन जाऊ दे आधी," एवढंच म्हटलं.

त्याची नात टॅम्सिन ट्रेलरच्या फळीवर
रानातल्याच खडूच्या ढेकळानं आकडे काढत होती.
नऊ उलटा. पुन्हा उलटा.
तिनं थुंकी लावून पुसला,
पांढरा डाग तेवढा मोठा झाला.

बाटली बर्फात ठेवली.
हात धुवायला पाणी मागितलं,
त्यानं नळ दाखवला.
अजून चार बोअर बाकी होते
आणि तीन वाजून गेले होते.