सुरगाठ

काचपट्टी क्रमांक चारशे सतरा.
मानेच्या डाव्या बाजूची गाठ,
वाटाण्याहून मोठी, बोराहून लहान.
नाव चिगुसा. वय सव्वीस.
व्यवसाय : गाठी मारणे.

हे शेवटचं मी पुन्हा वाचलं.

आमच्या कुरुमे गावात सुताला आधी गाठी मारतात,
मग निळीत बुडवतात, मग गाठी सोडतात.
जिथे गाठ होती तिथे पांढरं उरतं,
आणि त्या पांढऱ्याची कड
नेहमी थोडी फिसकटलेली.
तिची नखं निळी बघून रात्रपाळीची नर्स धावली म्हणे
बोटाला यंत्र लावायला.
ऑक्सिजन नव्याण्णव. ताप एकोणचाळीस.
नखांची नीळ धंद्याची होती.

मीही रंगारीणच.
मेणाच्या वडीतून केसाहून बारीक पापुद्रा काढायचा,
कोमट पाण्यावर तरंगू द्यायचा, काचेवर झेलायचा.
मग एका झाडाच्या गाभ्यातला जांभळा,
मग गुलाबी.
एकतीस वर्षं हेच.
बोटांवरचा डाग आता वासासारखा, मला जाणवत नाही.

आधीच्या दवाखान्याने चिठ्ठीत लिहिलं होतं :
लसिकेचा कर्करोग, बहुधा.
आईने टोपांच्या दुकानात चौकशीही करून ठेवली.
डॉक्टर नाकामुता भिंगातून मान वर न काढता म्हणाले,
थांबा.

मीही डोळा लावला.
गाठीच्या मधोमध जळीत.
फुटलेल्या केंद्रकांचा चुरा, काळी राखच ती,
आणि ती राख गिळत फिरणाऱ्या
चंद्रकोरीच्या आकाराच्या पेशी.
पण जळिताला हटकून धावणारे ते पांढरे शिपाई?
एकही नाही.
घर जळतंय आणि बंबाला कुणी कळवलंच नाही.

“निरगाठ नाही,” डॉक्टर म्हणाले, “सुरगाठ आहे.
ओढायची नाही. वाट बघायची.”
दोन माणसांच्या नावाने ओळखला जाणारा आजार,
याच भागातल्या भिंगांखाली पहिल्यांदा वेगळा पडलेला.
तीन-चार महिन्यांत आपोआप सुटतो.
कुणी बांधला, ते न सांगता.

म्हणून आम्ही शोधायला बसलो.
एपस्टाईन-बार सापडला. पण तो सापडणारच,
दहातल्या नऊ जणांच्या रक्तात त्याचं बिऱ्हाड आहे;
गल्लीत पोस्टमन दिसला
म्हणून चोरी त्यानेच केली म्हणायची का?
सहाव्या क्रमांकाचा नागीणकुळातला : नाही.
पार्व्हो : एक फिकट रेघ, दुसऱ्यांदा तीही नाही.
चोर सोडून संन्याशाला फाशी नको,
एवढं कळण्याइतकी अक्कल आमच्या वहीला आहे.
तिच्यात ‘कारण’ नावाचा रकाना आहे.
माझ्या आधी मात्सुगुमाबाई लिहायच्या,
त्यांच्या आधी कोणी तरी फार बारीक अक्षराचा माणूस.
तिघांचीही प्रश्नचिन्हं वेगळी.
त्याचं गळासारखं,
बाईंचं कानासारखं,
माझं, काय की, घाईतलं.

फेब्रुवारीत ती आली.
मान सरळ, ताप गेलेला, वजन तीन किलोने कमी.
डॉक्टरांनी तिला वर्षातून एकदा येत जा म्हटलं,
कारण काहींचं शरीर पुढे कधी तरी
स्वतःशीच भांडण उकरून काढतं.
तिने मान डोलावली. हे तिने ऐकलं की नाही, माहीत नाही.
मग दाराशी माझ्याकडे बघून, हळूच :
माझी ती काच बघता येईल?

नियमात बसत नाही.
मी खुर्ची सरकवली.

बराच वेळ ती वाकून होती.
निळं नख भिंगाच्या चाकावर,
कड स्पष्ट, कड पुसट, पुन्हा स्पष्ट.
मी तिला आग सांगितली, राख सांगितली,
न आलेले शिपाई सांगितले.
तिचं लक्ष दुसरीकडेच होतं.

“ज्याने बांधलंय ना,” ती म्हणाली,
“त्याला हे काम येत नाही.
सूत ओलं असताना बांधलंय.”

मी वही काढली.
रकान्यात काय लिहावं हे ठरेना,
शेवटी तेच लिहिलं :
सूत ओलं होतं.
आणि पुढे, सवयीने, ते चिन्ह.