हयातीचा दाखला

नोव्हेंबर लागला की त्या यायच्या
टिळक रोडच्या आमच्या शाखेत, अकराच्या आत.
पितळी टोकन मुठीत धरून बाकावर बसायच्या,
पाठ ताठ,
जणू कुणी हाक मारली की प्रसंग सुरू होईल.

मी काउंटर चारवर. पेन्शन, मानधन, इतर.
नियम असा : मी त्यांच्याकडे नीट बघायचं
आणि लिहायचं, की सदर व्यक्ती आज माझ्यासमोर
हयात आहे.
सही. तारीख. शिक्का.

अर्जावर नाव : भागीरथी नार्वेकर.
पतीचं नाव : आडवी रेघ.
त्या रेघेवर दरवर्षी निब थोडं थांबायचं, शाई फुटायची.
एकदा आपणहून म्हणाल्या,
"लिहिण्यासारखं नाव होतं हो,
पण ते आधीच दुसऱ्या एका रेशनकार्डावर होतं."

त्याआधी त्या मिस पद्मा होत्या.
एरंडवण्याच्या माळावर तट्ट्यांचा स्टुडिओ,
वर छप्पर नाही, ऊन गाळायला पांढरं मलमल.
ढग आला की सगळे भुईमुगाच्या शेंगा सोलत बसायचे :
राजा, राक्षस
आणि दर चित्रात बुडणारी ही राजकन्या.
"आई म्हणायची, बैठकीपेक्षा हे बरं.
इथं निदान मधे पडदा असतो."

"मुक्या चित्रात तुम्ही बोलायचात का?"
"अहो, सारखी! ऐकणारं कोण होतं?
राजपुत्राच्या गळ्यात हात टाकून
मी गवळ्याचा हिशोब सांगायचे.
रोजचं सव्वा शेर, खाडे तीन.
त्याला हसू फुटायचं.
डायरेक्टर म्हणायचे, वा, काय प्रेम!"

मग बोलपट आला.
यांच्या बोलण्यात वेंगुर्ल्याचा हेल,
त्यांना हवी होती राणी सदाशिव पेठेतली.
या दासी झाल्या.
मग दासींच्या घोळक्यात डावीकडून तिसऱ्या.
मग रास्ता पेठेत दोन खोल्या, एक शिवणयंत्र.
साहेब दर गुरुवारी यायचे,
पुढे चतुर्थीला,
पुढे पेपरात आले, काळ्या चौकटीत.
त्या दिवशी त्यांनी अकरा ब्लाउज शिवले.
गिऱ्हाइकानं एक परत आणला.
बाह्या उलट्या बसल्या होत्या.

अठरा चित्रं. निम्मी गोदामात जळाली,
उरलेली रिळं वजनावर गेली, त्यांच्या बांगड्या झाल्या.
मनगट माझ्यासमोर फिरवून म्हणाल्या,
"यातली एखादी मीच असेन."
मागच्या गृहस्थांनी घड्याळ बघितलं.
मी शिक्का मारला.

एका नोव्हेंबरात त्या आल्या नाहीत.
डिसेंबरात मी त्यांचं खातं वेगळ्या फाइलला लावलं.

बऱ्याच वर्षांनी लॉ कॉलेज रोडला
कुठूनशा सापडलेल्या जुन्या फिती दाखवणार होते.
मी बहिणीला घेऊन गेलो, कुमुदिनीला.
तिला जन्मापासून ऐकू येत नाही,
म्हणून बोलपटापेक्षा हे तिला सोयीचं.

सगळ्या मिस पद्मा मिळून उरल्या होत्या तेवीस सेकंद.
तळं. मोकळे केस. गळ्यापर्यंत पाणी.
पडद्यावर ओरखड्यांची झड,
आणि राजकन्या हात वर करून मरत होती,
ओठ हलत होते,
शेवटचं काहीतरी, राजपुत्राला, की देवाला.
सभागृहात कुणी श्वास घेत नव्हतं.

शेजारी कुमुदिनी खुदकन हसली.
मी कोपर मारलं, तरी थांबेना.
मग माझा तळहात ओढून घेतला,
आणि लहानपणी लिहायची तसं अंधारात
बोटानं एकेक अक्षर गिरवलं :

पाणी गार आहे
मेल्यांनो
आटपा

दिवे लागले. लोक चपला शोधू लागले.
माझ्या खिशात पेन होतं.
शिक्का मात्र निवृत्त होताना
मी बँकेत जमा केला होता.